नवी कोरी... आणि ढिली!

नव्या गाडीचा वास घेतलाय कधी? रबराचा, पेंटचा, गरम सायलेन्सरवर जळणाऱ्या तेलाचा... हा वास नाकात असला की भलीभली माणसं आंधळी होतात. मी तर झालेच होते.

गाडी म्हणजे टुरिंग मोटरसायकल. उंच सीट, मोठी टाकी, पुढे काच, दोन्ही चाकांना एबीएस. पार्किंगमध्ये उभी केली की लिफ्टमधून उतरणारे शेजारीही दोन मिनिटं थांबायचे. तीन आठवड्यांत मीटरवर ३९० किलोमीटर झाले होते आणि पहिली सर्व्हिसिंग होती ५०० ला. तेवढ्यात जोडून सुट्टी आली. परळीला मावशीकडे जायचं, दुसऱ्या दिवशी मावसबहिणीला मागे बसवून अंबाजोगाई गाठायची, योगेश्वरीचं देऊळ आणि मुकुंदराजांची समाधी बघायची, असा झकास प्लॅन ठरला. सर्व्हिसिंगचं काय? आल्यावर करू की! नवी तर गाडी आहे.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला.

टक्... टक्...

पहाटे पुणं सोडलं. अहिल्यानगर मागे पडलं, चहाचे दोन ब्रेक घेत बीडही आलं. रस्ता मोकळा, जानेवारीची थंडी, गाडी लोण्यासारखी. खरी मजा बीडच्या पुढे परळीच्या रस्त्याला लागल्यावर सुरू झाली. वडवणी गेलं, तेलगाव आलं. तेलगावला सहकारी साखर कारखाना आहे आणि हंगाम जोरात होता. एकेका ट्रॅक्टरमागे उसाने ओसंडणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या. त्यामुळे दर दोन मिनिटांनी ब्रेक. आणि प्रत्येक ब्रेकला पुढच्या चाकातून बारीक आवाज... टक्.

आधी वाटलं, खडा उडाला असेल. मग वाटलं, शॉकॲब्सॉर्बर नवे आहेत, बसतील हळूहळू. मनाची समजूत घालण्यात आपण शहरातले लोक एक्स्पर्ट! पण एका ट्रॅक्टरमागे जरा जोरात ब्रेक दाबला, तेव्हा टक् न होता 'खाड्' झालं आणि हँडल हातात थरथरलं. पोटात गोळा आला. समोर दिंद्रुडची पाटी होती.

दिंद्रुड हे माजलगाव तालुक्यातलं रस्त्यावरचं गाव. तुम्ही-आम्ही परळीला जाताना काचेतून बघतो आणि विसरतो, तसं. टपऱ्या, कृषी सेवा केंद्र, टायरचं दुकान आणि एक पत्र्याचं गॅरेज. गॅरेजसमोर उसाच्या ट्रॉलीचं चाक उघडून ठेवलेलं. मिस्त्रींनी वर न बघताच विचारलं,

"आवाज यायलाय ना पुढून? लांबूनच ऐकू आला. कुठून आलाव, ताई?"

"पुण्याहून. पण गाडी नवीन आहे हो, जेमतेम महिन्याची."

"म्हनूनच," ते म्हणाले आणि हात पुसत उठले.

बोल्ट बोलतो

त्यांनी पाना घेतलाच नाही. पुढच्या डिस्कवर बसलेला ब्रेकचा कॅलिपर मुठीत धरला आणि हलवला. तो हलला! ज्याच्या भरवशावर मी तीनशेच्या आसपास किलोमीटर आले होते, तो ब्रेक दाढेसारखा हलत होता. दोन बोल्टवर बसतो तो. वरचा ढिला, आणि खालचा आट्यांच्या शेवटच्या दोन-तीन वेढ्यांवर लटकलेला.

"ह्यो पडला असता तर कॅलिपर फिरून चाकात गेला असता," मिस्त्री शांतपणे म्हणाले. चाकात म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. १२५ सीसीवरच्या दुचाकींना आपल्याकडे २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. ब्रेक लागताना चाक जाम होऊ न देणं हे त्याचं काम. पण ब्रेकच जागेवरून निसटून चाकात घुसला, तर बिचारं एबीएस काय करणार? माझ्या डोळ्यासमोर आली ती दुसऱ्या दिवशी मागे बसणारी मावसबहीण.

गंमत पुढे आहे. दोन्ही बोल्टच्या डोक्यांवर पिवळ्या रंगाची खूण होती. कारखान्यात बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की कामगार अशी खूण करतो. 'माझं काम झालं' अशी ती सही. म्हणजे न आवळताच सही ठोकली? मी भडकलेच. मिस्त्रींनी मात्र बोल्ट काढून माझ्यासमोर धरला. आट्यांमध्ये रंग अडकलेला होता, कॅलिपर बसतो त्या भागाचा.

मिस्त्री वाळूजला तीन वर्षं कंत्राटी कामगार होते. माझी गाडी बनते त्या कारखान्याशी त्यांचा काही संबंध नाही. ते सुटे भाग बनवणाऱ्या एका शेडमध्ये होते. औरंगाबादजवळच्या वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुट्या भागांचे छोटे-मोठे उद्योग उभे राहिले. त्यामुळे मराठवाड्यातल्या अनेक पोरांचं पहिलं कॉलेज म्हणजे वाळूज. आज शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालंय, पण वाळूज वाळूजच आहे.

"टॉर्कचा पाना असतोय. ठरलेला जोर लागला की 'कट्ट' वाजतोय," त्यांनी समजावलं. "पन आट्यात रंग असला तर जोर रंगातच जातोय. पाना वाजतोय, पोरगं खूण करतंय, गाडी पुढं जाती. त्याची काई चूक नाई. बोल्ट आवळला म्हंजे तो ताणला जातोय, रबरावानी. तो ताण हाय तवर पकड. हितं ताण बसलाच नाई. मग धक्क्यानं रंग झिजला, की झाला मोकळा."

तीन वर्षं पत्रकारितेचा अभ्यास केला, पण 'खूण आहे म्हणजे काम झालंय असं नाही' हे इतकं सोपं करून कुणी शिकवलं नव्हतं.

तीन सह्या

आता खरी बाब. कारखान्याची चूक पकडायला पुढे दोन चाळण्या असतात. पहिली शोरूमची. गाडी कंटेनरमधून येते ती पट्ट्यांनी करकचून बांधलेली. शोरूममध्ये आरसे, नंबर प्लेट, साडी गार्ड लावतात, बॅटरी जोडतात, टायरमधली हवा आणि चेन बघतात आणि मुख्य नट-बोल्ट तपासतात. त्याचा छापील कागद असतो. माझ्या कागदावर सगळ्या चौकटींतून वरपासून खालपर्यंत एकच लांब रेघ मारलेली होती. वीस तपासण्या, एक रेघ! आणि डिलिव्हरीच्या दिवशी पेढे खाता खाता खाली सही केली होती मी.

दुसरी चाळणी पहिल्या सर्व्हिसिंगची. ती आपल्याला ऑइल बदलायचा उपचार वाटते. पण नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि गिअरचे दाते एकमेकांशी जुळवून घेत असतात, त्यातून निघणारे धातूचे बारीक कण ऑइलमध्ये उतरतात. म्हणून ते ऑइल लवकर काढायचं. नवी चेन ढिली पडते, क्लचची वायर सैल होते, पॅकिंग आणि रंगाचे थर दबून बोल्टचा ताण उतरतो. थोडक्यात काय, गाडीची जोडणी कारखान्यात संपत नाही. ती पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये पुरी होते. ही चाळणी कुणी टाळली? अस्मादिकांनी.

कारखान्याने पान्याच्या आवाजावर विश्वास ठेवला, शोरूमने कारखान्यावर आणि मी शोरूमवर. दिंद्रुडला पहिल्यांदा कुणीतरी बोल्टला हात लावला.

लाल रेष

मिस्त्रींनी पेट्रोल आणि तारेच्या ब्रशने आटे साफ केले, ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या थ्रेड लॉकरचा एकेक थेंब सोडला आणि बोल्ट आवळले. मग म्हणाले, "ताई, नेलपालिश हाय का?"

मी बघतच राहिले. पर्समधून लाल बाटली काढून दिली. त्यांनी बोल्टच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत एक सरळ रेष ओढली. "रोज निघताना बघायचं. रेष तुटली, सरकली, की समजा बोल्ट फिरलाय." मग सगळी गाडी फिरून बघितली. चेन जरा ढिली निघाली, लेग गार्डचा एक बोल्ट पाव वेढा फिरला. तो लावून घेतला होता मी बाहेरच्या दुकानात, तेव्हा त्याचं खापर कारखान्यावर फोडता येत नाही.

पैसे विचारले तर शंभर म्हणाले. वर एक अट घातली. "परळीत जाऊन टॉर्कच्या पान्यानं बघून घ्या. माझा हात म्हंजे अंदाज हाय." आपल्या कामाची मर्यादा इतक्या सरळ सांगणारा माणूस मला शोरूमच्या एसीत भेटला नव्हता.

परळीपर्यंत चाळीसच्या वर गेले नाही. सिरसाळ्याला थांबून रेष बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्कचा पाना लावला, लगेच 'कट्ट' वाजला.

परतल्यावर फोटो आणि चॅसी नंबर जोडून कंपनीला लेखी कळवलं. तुम्हीही कळवा, नुसतं मित्रांत बोलू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सदोष गाड्या परत बोलवायचा आदेश सरकार देऊ शकतं, आणि त्यासाठी तक्रारींची संख्या मोजली जाते. न नोंदवलेली तक्रार कुठेच मोजली जात नाही.

आणि हो, नवी गाडी घेणार असाल तर डिलिव्हरीच्या दिवशी पेढे नंतर खा. आधी तपासणीचा कागद हातात घ्या आणि एकेक ओळ गाडीवर दाखवायला सांगा. लांबच्या ट्रिपला पहिल्या सर्व्हिसिंगनंतरच निघा. ब्रेक, ॲक्सल आणि हँडलच्या बोल्टवर एकेक रेष ओढून ठेवा.

अंबाजोगाईला आम्ही गेलोच. निघायच्या आधी मावसबहीण गाडीपाशी उकिडवी बसून उरलेल्या बोल्टवर रेषा ओढत होती. माझी बाटली संपली तेव्हा तिने आपली जांभळी आणली.