कुंडी भंडारा

बऱ्हाणपूर म्हटले की लोकांना मुमताजमहल आठवते. १६३१ साली ती इथेच वारली. मला मात्र गावाची खरी शोभा वाटते ती कुंडी भंडाऱ्याची. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात (दोहे लिहिणारे रहीम ते हेच!), सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात घेतले, बोगद्याला बेताचा उतार दिला आणि वर ओळीने शंभराहून अधिक गोल कुंड्या बांधल्या. मोट नाही, पंप नाही. पाणी आपल्या पायांनी शहरात आले.

आज लिफ्टने एका कुंडीत उतरता येते. भिंतींवर चुन्याचे थर चढलेले, पायाखालून पाणी वाहते. २०२४ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नाव आले. पण डोंगर बोडका झाला आणि भोवती बोअर वाढले, तर यादीने बोगद्यात पाणी थोडेच येणार?

हल्ली शहरे चौकात कारंजी उभारतात, भिंतींवर ‘पाणी वाचवा’ रंगवतात. त्यापेक्षा आमच्या गावाने कुंड्यांची ही रांग रस्त्यावरून दिसेल अशी राखावी आणि दर कुंडीवर खालच्या पाण्याची पातळी लिहावी. पातळी उतरली, तर शाळेत जाणाऱ्या पोरालाही ती वाचता येईल.