साडेआठ इंचांची पायरी

‘वयच झालं ना आता त्यांचं!’ सासूबाई जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य म्हटलं. कुणी शहाळं टेबलावर ठेवता ठेवता, कुणी चहाचा कप हातात घेऊन. त्याला बरीच वर्षं झाली. हाड जुळलं, घर बदललं, पण ते वाक्य आठवलं की माझं डोकं अजून फिरतं. आईंचं वय काही त्या एका सकाळी झालं नव्हतं. जे एकाएकी झालं होतं ते सोसायटीने वर्गणी काढून केलं होतं.

आमचं तेव्हाचं घर कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. खाली पार्किंग, वर चार मजले, लिफ्ट नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अशा इमारती तिकडे गल्लोगल्ली उभ्या राहिल्या आणि आमच्यासारख्या पेठांतून निघालेल्या कुटुंबांनी त्या घेतल्या. पाणी किती वेळ येतं, बसस्टॉप किती लांब, एवढं बघून टोकन दिलं. जिना बघायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आणि वाड्यातून आलेल्यांना तो जिना ऐसपैसच वाटला. वाड्यातला जिना भिंतीच्या पोटात, अंधारा, चढ उभा, धरायला दोर, वरच्या तोंडाला झडप. त्या जिन्याने आईंनी भरल्या कळशा माडीवर नेलेल्या. सत्तरी उलटेपर्यंत पर्वतीच्या १०३ पायऱ्या त्या मधे न बसता चढत. मी दोनदा थांबायचे आणि त्या वर पोचून माझी वाट बघत उभ्या.

कोथरूडचा जिना साधा होता, पण नीट होता. सात इंच उंचीची पायरी, दहा इंच रुंदी, मोझेकच्या लाद्या, प्रत्येक दोन मजल्यांच्या मधे लँडिंग, सिमेंटच्या जाळीतून येणारा उजेड, आणि मुठीत मावेल असा लाकडी कठडा. बांधणाऱ्याला काम कळत होतं. सतराव्या शतकात फ्रांस्वा ब्लॉन्देल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने हिशेब सांगून ठेवलाय की पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी, ही बेरीज दोन फुटांच्या आसपास आली पाहिजे, कारण माणसाचं पाऊल तेवढं. आमची बेरीज बरोबर चोवीस इंच. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पायऱ्या मोजल्यावर वाचावंसं वाटलं.

तर मग नूतनीकरण निघालं. सभेत एकाने मुद्दा मांडला की जिना कळकट दिसतो, आपल्याकडे मुलामुलींच्या लग्नाचं बोलायला पाहुणे येतात. हा मुद्दा खोडायची कुणाची टाप? ग्रॅनाइट ठरलं. पण सगळ्या जिन्याला पुरेल एवढा फंड नव्हता, म्हणून फक्त लँडिंगला ग्रॅनाइट लावायचं आणि पायऱ्यांचं पुढच्या वर्षी बघायचं, असा सुवर्णमध्य निघाला. फरशीवाल्याने जुनं मोझेक फोडायचे वेगळे पैसे सांगितले. कमिटी म्हणाली, फोडायचं कशाला, वरूनच टाका. त्याने टाकलं. खाली मसाला, वर ग्रॅनाइट, मिळून दीड इंच. सगळी लँडिंग आरशासारखी चमकायला लागली. दिवाळीत लोकांनी तिथे रांगोळ्या काढल्या आणि सेक्रेटरींचं अभिनंदन केलं. मीही केलं.

आता हे दीड इंच काय करतात ते जरा सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण मला हे कुणी पूर्ण सांगू दिलेलंच नाही.

लँडिंग दीड इंच वर आलं. पायऱ्या जागच्या जागी राहिल्या. म्हणजे खालून चढताना सात, सात, सात करत पाय येतो आणि लँडिंगवर चढायची शेवटची पायरी निघते साडेआठ इंचांची. तिथून पुढे चढायला लागलात की पहिलीच पायरी साडेपाच इंचांची. चढताना फार तर ठेच लागते, माणूस पुढे झुकतं, हात टेकतो, निभावतं. उतरताना गोष्ट वेगळी. वरून सात, सात करत येणारा पाय शेवटच्या पायरीला सात इंच खाली जायच्या तयारीने सुटतो आणि साडेपाचलाच जमीन लागते. गुडघ्याला हिसका बसतो, तोल थोडा डळमळतो. त्याच डळमळीत तोलाने माणूस लँडिंगवर वळतं आणि पुढची पहिली पायरी साडेआठ इंच खोल. पाय सात इंचांवर जमीन शोधतो. तिथे जमीन नसते. जमीन अजून दीड इंच खाली असते. तेवढ्यात अंगाचा सगळा भार पुढे गेलेला असतो.

आई नेमक्या तिथे पडल्या. एका हातात भाजीची रिकामी पिशवी होती, दुसरा हात वळणावर कठडा सोडून पुन्हा धरायच्या बेतात होता.

खरं तर सगळेच तिथे अडखळत होते. दूधवाला, कुरिअरचा मुलगा, शाळेत पळणारी पोरं, मी. पण प्रत्येकाने आपापलं कारण शोधलं होतं. कुणाची चप्पल नवीन, कुणाचा चष्मा बदललेला, कुणाचं लक्ष नव्हतं. अडखळणारा माणूस आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून, आणि पुढे जातो. पायरीकडे वळून कोणी बघत नाही. न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या ३६ व्या स्ट्रीटच्या सबवे स्टेशनात अशीच एक पायरी बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होती. २०१२ साली डीन पीटरसन नावाच्या चित्रपट करणाऱ्या माणसाने समोर कॅमेरा लावला आणि एकामागून एक ठेचकाळणाऱ्या लोकांचं चित्रण जगाला दाखवलं. बॅगवाले, मूल कडेवर घेतलेले, तरुण, म्हातारे, सगळे त्याच एका पायरीवर. तिथे पुढच्या काही दिवसांतच दुरुस्ती सुरू झाली. त्यातल्या तरुणांना कुणी ‘वय झालं’ म्हणालं नसेल.

आईंना दवाखान्यात हलवतानाच कळलं होतं की स्ट्रेचर आमच्या लँडिंगवर वळत नाही. परत आणताना शेजारच्या मुलांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले वर नेलं. ‘माझी पालखीच निघाली की गं,’ असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पांढरी पडली होती.

मग मी ‘फूटपट्टीवाल्या वहिनी’ झाले. मागून मला तसंच म्हणायचे. मी प्रत्येक पायरी मोजली, कागदावर जिन्याचा उभा छेद काढला आणि कमिटीला पत्र दिलं. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच दिलेली आहे, तेही लिहिलं. उत्तर तोंडी आलं. ‘वहिनी, दीड इंचाने काय होतंय? बाकी कुणी पडलंय का?’ एकाने तर, आजी तशाही बाहेर फार फिरायच्या, असं सुचवलं. जणू पडणं ही फिरण्याची शिक्षा! वार्षिक सभेत विषय शेवटून दुसरा ठेवला. तोवर निम्मे लोक बटाटेवडा खाऊन उठले होते. ठराव काय झाला, तर लँडिंगच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवायची आणि ‘सावकाश उतरा’ असा फलक लावायचा. पट्टी पावसाळ्यात सुटली. फलक राहिला. पायरी चुकीची असल्याचं एकाही कागदावर आलं नाही. आईंनी सावकाश उतरायला हवं होतं, हे मात्र भिंतीवर लिहिलं गेलं.

लिफ्टचाही विषय निघाला होता. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, आम्ही वापरणार नाही, आम्ही का द्यायचं? उपविधींप्रमाणे लिफ्टच्या देखभालीचा खर्च सगळ्या सभासदांनी सारखा सोसायचा असतो, लिफ्ट वापरा किंवा न वापरा. तेच तर त्यांना नको होतं. मला तेव्हा फार राग आला. आता वाटतं, पहिल्या मजल्यावर असते तर मीही गप्प बसले नसते.

शेवटी घर बदलायचं ठरलं. एजंट लोकांना माझी धास्तीच बसली असेल. किचन, बाल्कनी, मास्टर बेडरूम हे दाखवायला ते उत्सुक, आणि मी विचारणार, जिना कुठंय? ‘मॅडम, जिना कोण वापरतं? दोन लिफ्ट आहेत.’ गावाबाहेर एक रो-हाउस बघितलं. दर्शनी भिंतीतून बाहेर आलेल्या नुसत्या फळ्या, खाली पोकळ, एका बाजूला कठडाच नाही. एजंट म्हणाला, हेच तर या घराचं वैशिष्ट्य. वळणावर लँडिंग वाचवायला त्रिकोणी पायऱ्या केलेल्या, आतल्या टोकाला चार बोटं जागा. पाय ठेवायचा तर आडवा, कुशीवर. ‘पायऱ्या विषम संख्येत आहेत हं, वास्तूप्रमाणे,’ हा त्याचा शेवटचा मुद्दा. लोक पायऱ्या मोजतात, पायरी कुणी मोजत नाही. एका डुप्लेक्समध्ये लोखंडी गोल जिना होता. वरच्या खोलीत कपाट कसं नेलं, असं मालकिणीला विचारलं. क्रेन आणून खिडकीतून, असं तिने अभिमानाने सांगितलं. मला कपाटाची काळजी नव्हती. कपाट आजारी पडत नाही.

सगळ्यात सोपा मार्ग तळमजल्याचा. एक चांगला मिळतही होता, दाराशी पारिजातक. आईंनीच मोडता घातला. डास येतात, जाणारा येणारा घरात बघतो, ही वरवरची कारणं. खरं कारण दोन दिवसांनी बाहेर आलं. ‘तळमजल्यावर माणूस बसून राहतं. चार पायऱ्या असल्या की जाऊन आल्यासारखं तरी वाटतं.’ म्हणजे ज्या जिन्याने हाड मोडलं त्याच्यासाठी ही बाई अडून बसलेली! मी चिडले. पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जुन्या घरी त्यांचा अर्धा दिवस जिन्यातच जायचा. खालच्या काकूंकडून विरजण, वरच्यांना कढीपत्ता, आणि जाता-येता लँडिंगवर जाळीशी उभं राहून सगळ्या बिल्डिंगची खबरबात. लिफ्टमध्ये कुणी कुणाला विरजण मागत नाही. तिथे लोक वरचे आकडे बघत उभे राहतात.

दुसरा मजला घेतला, लिफ्ट असलेल्या इमारतीत. पायऱ्या साडेसहा इंचांच्या, सगळ्या सारख्या, कठडा दोन्ही बाजूंना, पायरीच्या कडेला खाचा. ताबा घ्यायच्या आधी सगळ्या मोजल्या. वॉचमन बघत होता, बघू दे. स्ट्रेचर लँडिंगवर वळेल एवढी रुंदी आहे. आई खाली जिन्याने उतरतात आणि वर लिफ्टने येतात. उलट करा, उतरणंच जास्त धोक्याचं, असं मी हजारदा सांगितलं. त्या ऐकत नाहीत. आणि जिन्यासाठी एवढं भांडलेली मी स्वतः? दोन मजल्यांसाठी लिफ्टचं बटण दाबते आणि लिफ्ट यायला उशीर झाला की वैतागते.

इथेही सगळं आलबेल नाहीच. जिना कुणी वापरत नाही म्हटल्यावर लोकांनी तो माळा करून टाकलाय. चपलांचे रॅक, जुने टायर, मुलांच्या सायकली, एकाने तर फ्रीजचं खोकं ठेवलंय. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, हे सगळ्यांना पाठ आहे. मग उतरायचं कुठून, ते कुणी सांगत नाही. मी आता कमिटीवर आहे आणि इथेही नावडती होत चालले आहे.

तुम्ही घर बघायला जाल तेव्हा वर लिफ्टनेच जा हवं तर, पण उतरताना जिन्याने उतरा, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर न्या. पहिली पायरी, शेवटची पायरी आणि लँडिंगची अलीकडची-पलीकडची, एवढ्या तरी मोजा. पाव इंचाहून जास्त फरक निघाला तर किंमत कमी करून मागू नका, दुसरं घर बघा. आणि तुमच्या सोसायटीच्या सभेत ‘फोडायचं कशाला, वरूनच टाका’ असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे उभं राहून लेखी विरोध नोंदवा, वडे थंड झाले तरी चालतील.