फोनवांचून

आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांस निजतांना आजीच्या गोष्टी ऐकावयाच्या असतात. आजी गतवर्षीं निवर्तली. तिचा आवाज तेवढा आमच्या फोनांत राहिला आहे. परंतु गोष्ट दहा मिनिटांत संपली, तरी हातीं गेलेला फोन तासभर सुटत नाहीं! तेव्हां आवाज द्यावा आणि फोन देऊं नये, असें साधन आम्ही शोधूं लागलों. २००१ सालीं निघालेला मूळचा आयपॉड मुख्यतः ऐकण्यासाठींच होता. पण आयपॉडचें उत्पादनच २०२२ सालीं थांबलें. अखेर आगपेटीएवढें, बटणांचें एक यंत्र मिळालें. त्यांत इंटरनेट नाहीं, खेळ नाहींत. मेमरी कार्डावर आपण घालावें तेवढेंच तें बोलतें, आणि संपलें कीं गप्प बसतें. दुकानदारानें उणिवा म्हणून जें जें सांगितलें, तें तें आम्हांस गुणच वाटलें.

त्या रात्रीं गोष्ट संपली. अंधारांत चिरंजीवांनीं विचारलें, “बाबा, तुम्ही स्वतःला असं यंत्र कधी घेणार?”

आम्ही हातांतला फोन मुकाट्यानें उपडा ठेवला. उत्तर अद्याप दिलेलें नाहीं.