चोआ चू कांगमधलं वाळवंट

चोआ चू कांग आणि वाळवंट? जुने सिंगापूरकर म्हणतील, यांना ऊन लागलेलं दिसतंय! वर्षाला दोन हजार मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडणाऱ्या या बेटावर वाळवंट आणायचं कुठून? पण मंडळी, एखाद्या रविवारी सकाळी इथल्या कुठल्याही जुन्या ब्लॉकच्या सामाईक कॉरिडॉरमधून सावकाश चालत जा. कठड्यालगतच्या कुंड्यांमध्ये मेक्सिको, मादागास्कर, अरबस्तान आणि पूर्व आफ्रिका शेजारी-शेजारी बसलेले दिसतील. कारण अगदी साधं आहे. वर छप्पर असल्याने पावसाचा मारा कुंडीपर्यंत पोचत नाही, ऊन मात्र तिरपं आत येतं. वाळवंटी झाडाला हवं ते एवढंच.

तसा हा भाग परदेशी रोपांना नवा नाही. 'चुआ' हे चिनी घराण्याचं नाव, 'चू' म्हणजे घर आणि 'कांग' म्हणजे नदी. एकोणिसाव्या शतकात इथे नदीकाठी चिनी मळेवाल्यांनी मिरी आणि गँबियर लावलं. गँबियर म्हणजे आपल्या विड्यातल्या काथाचा मलायी भाऊबंद. ते मळे गेले, गावं गेली, १९९० साली एमआरटी आली आणि उंच इमारती उभ्या राहिल्या. माणसांची झाडं लावायची हौस मात्र जमिनीवरून दहाव्या मजल्यावर गेली.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे काटेरी आणि मांसल काही दिसलं की ते 'निवडुंग'. पण या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळी घराणी नांदतात. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस. तो मूळचा अमेरिकेचा. अठराव्या शतकाच्या शेवटी किरमिजी रंग देणारे किडे पोसण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने भारतात असे निवडुंग वाढवण्याची खटपट केली होती. आपला त्रिधारी निवडुंग आणि शेताच्या कुंपणाचा शेर मात्र कॅक्टस नव्हेत. ते युफोर्बियाच्या, म्हणजे एरंडाच्या कुळातले.

ओळखायचं कसं? काट्याच्या बुडाशी बघा. तिथे लवदार, उशीसारखा छोटा ठिपका असेल आणि त्यातून काटे निघत असतील तर तो कॅक्टस. तसा ठिपका नसेल आणि काटे बहुधा जोडीजोडीने असतील तर युफोर्बिया समजा. युफोर्बियाला जखम झाली की पांढरा चीक येतो. पण तो पाहण्यासाठी फांदी मोडू नका, बरं का! हा चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते आणि दृष्टीलाही धोका पोचू शकतो. लाल-गुलाबी फुलांचं, काटेरी दांड्याचं जे झाड इथे दर चार दारांआड दिसतं ते मादागास्करचं युफोर्बियाच. थायलंडमधल्या चिनी लोकांनी त्याच्या मोठ्या फुलांच्या जातींना आठ सिद्धपुरुषांचं नाव दिलं आणि ते झाड भाग्याचं ठरलं.

दुसरी जोडी कोरफड आणि घायपाताची. पानं दोन्हींची जाड, कडेला काटे. कोरफडीचं पान आतून गिरासारखं, तर घायपाताचं चिवट तंतूंनी भरलेलं. त्याचेच दोर वळतात. कोरफड पुन्हापुन्हा फुलते. घायपात बहुधा आयुष्यात एकदाच उंच दांडा काढून फुलतो आणि मरतो. घायपाताच्या रसाने अंगाला खाज सुटते.

तिसरं झाड म्हणजे अडेनियम. बुंधा हत्तीच्या पायासारखा फुगलेला, फुलं गुलाबी. चिनी नववर्षाला त्याच्या कुंड्यांची रांग लागते, कारण चिनी नावातच संपत्ती आणि मान आहे. इंग्रजीत त्याला वाळवंटातला गुलाब म्हणतात, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. ते आपल्या कण्हेरीचं आणि चाफ्याचं भावंड, आणि कण्हेरीसारखंच विषारी. आफ्रिकेत त्याचा रस बाणांना लावत.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगायचं कारण आहे. दर सुट्टीत आपल्याकडे देशातून आई-बाबा, सासू-सासरे येतात. त्यांनी गावाकडे कोरफड केसांना लावलेली असते, निवडुंग खोकल्यावर वापरलेला असतो. हात जुन्या ओळखीने कुंडीकडे जातो. नातवंडंही मागे असतातच. म्हणून ते आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना कॉरिडॉरमधून एक फेरी मारून आणावी आणि कुठल्या झाडाला हात लावायचा नाही ते दाखवावं. चीक डोळ्यात गेलाच तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टर गाठावा. जाताना झाडाचा फोटो सोबत न्यावा. नुसतं 'निवडुंग' म्हणून डॉक्टरला काही कळायचं नाही.

आता एक गोड गोष्ट. आपण ज्याला हौसेने ब्रह्मकमळ म्हणतो, रात्री शेजाऱ्यांना बोलावून ज्याची पूजा करतो, तोही कॅक्टसच! मात्र तो वाळवंटातला नव्हे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलात तो झाडांच्या अंगावर वाढतो, म्हणूनच त्याला सिंगापूरची हवा मानवते. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ निराळंच, ते सूर्यफुलाच्या कुळातलं. इथले चिनी शेजारीही या फुलासाठी रात्री जागतात. त्यांच्या भाषेत क्षणात सरणाऱ्या वैभवाला याच फुलाची उपमा देतात. त्यामुळे भाषा न येताही त्या रात्री गप्पा रंगतात.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी जवळच सुंगेई तेंगाह रस्त्यावरच्या रोपवाटिकांत चक्कर मारावी. सवड असेल तर गार्डन्स बाय द बेच्या फ्लॉवर डोममध्ये आपली गोरखचिंच, म्हणजे बाओबाब, बघून यावी. घरी कुंडी आणलीत तर खाली बशीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. आणि कॉरिडॉरमध्ये माणसांना जायला वाट मोकळी ठेवा. आपलं वाळवंट कितीही सुंदर असलं तरी आग लागली तर सगळ्यांना त्याच वाटेने पळायचंय.