सोलापूरचा पाऊस आणि संगणकाची उसनी मेमरी

सोलापूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 14,895 चौरस किलोमीटर आहे. हा मुलूख पर्जन्यछायेत मोडत असल्याने येथे सरासरीला फारसा अर्थ उरत नाही, आणि करमाळ्यात चिखल तर सांगोल्यात फुफाटा असे चित्र एकाच दिवशी दिसू शकते. पर्जन्यमापकांवरच्या नोंदी या विखुरलेल्या ठिपक्यांसारख्या असतात. दोन ठिपक्यांमधल्या शिवारात किती पाऊस पडला असावा आणि त्या अंदाजावर किती विसंबावे, हे गणिताने ठरवावे लागते. त्यासाठी जिल्ह्याचे समान चौकोन पाडून कोणत्याही दोन चौकोनांतल्या पावसाचे नाते किती घट्ट आहे हे सांगणारा एक आकडा काढतात आणि असे सर्व आकडे एका चौरस तक्त्यात मांडतात. या तक्त्याला कोव्हेरियन्स मॅट्रिक्स म्हणतात, आणि पुढे सांगितलेल्या अनुभवातील सगळी अडचण त्याच्या आकारातून उद्भवलेली आहे.

चौकोनाची बाजू एक किलोमीटर धरली तर चौकोन 14,895 होतात, तक्त्यातले आकडे सुमारे 22 कोटी भरतात, आणि प्रत्येक आकड्याला 8 बाइट या हिशेबाने एकूण जागा पावणेदोन जीबीच्या आसपास लागते. हे काम साधा संगणकही सहज पेलतो. बाजू अर्ध्या किलोमीटरवर आणली की चौकोन चौपट म्हणजे 59,580 होतात, परंतु तक्ता चौपट न होता सोळापट होतो आणि 28.4 जीबी जागा मागतो. बाजू निम्मी करणे ही कागदावर किरकोळ वाटणारी सुधारणा होती. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्या यंत्रावर ती करून पाहिली गेली, त्याची मुख्य मेमरी 16 जीबी आणि स्वॅप 2 जीबी होती.

मुख्य मेमरीत जागा कमी पडली की त्यातला सध्या न लागणारा मजकूर डिस्कवर नेऊन ठेवण्यासाठी राखलेला भाग म्हणजे स्वॅप. ही देवघेव पान या एककात होते, आणि नेहमीच्या संगणकांवर एक पान 4 किलोबाइटचे असते. डिस्कचा असा उसना उपयोग करण्याची कल्पना मँचेस्टरच्या 1962 च्या ॲटलस संगणकाइतकी जुनी आहे. तेथे डिस्कच्या जागी फिरता चुंबकीय ड्रम होता. सोलापूरच्या वाचकाला यंत्रमागाचे उदाहरण जवळचे वाटेल. धोट्यातली कांडी संपली आणि भरलेली कांडी हाताशी असली तर माग क्षणभरच थांबतो. पण प्रत्येक कांडी गावाबाहेरच्या गोदामातून आणायची ठरली, तर माग कितीही वेगवान असला तरी चादर गोदामाच्या वाटेच्याच वेगाने विणली जाते. मेमरीतून आकडा मिळायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून काही मिलिसेकंद, म्हणजे हजारोपट अधिक.

पहिल्या प्रयत्नात गणना सुरूच झाली नाही. जागा देता येत नाही असा संदेश तत्काळ आला. लिनक्सची मूळ मांडणी अशी आहे की, एखाद्या प्रक्रियेने एकाच मागणीत मेमरी आणि स्वॅप यांच्या बेरजेहून अधिक जागा मागितली तर ती मागणी दारातच नाकारली जाते, आणि येथे बेरीज 18 जीबी असताना मागणी 28.4 ची होती. साहजिकच स्वॅपची मर्यादा हाच दोष समजला गेला आणि डिस्कवर 32 जीबीची स्वॅप फाइल तयार करून ती चालू करण्यात आली.

आता बेरीज 50 झाली, मागणी मान्य झाली आणि तक्ता भरलाही गेला. परंतु पुढच्या पायरीत, म्हणजे तक्त्याचे दोन त्रिकोणी तक्त्यांच्या गुणाकारात विभाजन करणाऱ्या चोलेस्की पद्धतीत, वापरलेल्या प्रणालीने मूळ तक्ता तसाच ठेवून दुसरी प्रत मागितली. येथे व्यवस्थेचा एक विलक्षण स्वभाव कळला. प्रत्येक मागणी ती स्वतंत्रपणे तपासते, आधी दिलेल्या वचनांची बेरीज करत नाही, कारण मागितलेली जागा प्रत्यक्षात सगळी वापरली जातेच असे नाही. त्यामुळे 28.4 ची दुसरी मागणीही मान्य झाली, आणि दोन्ही वचने एकदम वटवण्याची वेळ आली तेव्हा 56.8 जीबी कोठूनच येणार नव्हते. अशा वेळी लिनक्समधला ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर बळी निवडणारा भाग, बहुधा सर्वांत मोठ्या प्रक्रियेला संपवतो. पडद्यावर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द उरला होता. कारण शोधण्यासाठी कर्नलच्या नोंदी उघडाव्या लागल्या.

स्वॅप 64 जीबी केल्यावर मृत्यू टळला, पण गणना पुढे सरकेना. या अवस्थेची खूण डोळ्यांआधी कानांना पटली: डिस्कची कुरकुर अखंड चालू होती आणि प्रोसेसरचा पंखा, जो सोलापूरच्या उन्हाळ्यात एरवी घोंघावत असतो, तो मात्र शांत होता. व्हीएमस्टॅट या आज्ञेच्या दर सेकंदाला उमटणाऱ्या ओळींत डिस्कवरून आत येणाऱ्या आणि डिस्ककडे जाणाऱ्या मजकुराचे रकाने सतत भरलेले दिसत होते, तर प्रोसेसरचा बहुतेक वेळ डिस्कची वाट पाहण्यात जात होता. या धडपडीला थ्रॅशिंग म्हणतात. येथे पाने टाकून देण्याचा नियमच उलटा लागतो: बराच काळ न लागलेले पान आधी बाहेर काढावे हे तत्त्व एरवी शहाणपणाचे असले, तरी मेमरीहून मोठा तक्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत पुनःपुन्हा वाचायचा असेल, तर नुकतेच बाहेर काढलेले पानच पुढच्या फेरीत आधी हवे असते. फिरती डिस्क विखुरलेली पाने सेकंदाला शंभराच्या आसपास देते असे धरले, तर 28.4 जीबीची एकच फेरी एकोणीस तासांवर जाते. खुद्द विभाजनातल्या आकडेमोडीला त्या प्रोसेसरवर काही मिनिटे पुरली असती.

स्वॅप वाढवून त्वरित नकाराचे रूपांतर रेंगाळणाऱ्या होकारात झाले होते, आणि या दोहोंत पहिला नकार अधिक प्रामाणिक होता असे म्हणणे भाग आहे. मोठ्या यंत्रांवर तर असा होकार मिळतच नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरातल्या ढगांवर कृत्रिम पावसाचे प्रयोग केले, आणि 2018 मध्येच त्या संस्थेत प्रत्युष हा महासंगणक कार्यान्वित झाला. त्या जातीच्या यंत्रांत गणना करणाऱ्या घटकांना स्वतःची डिस्क नसते, म्हणजे उसनवारीची सोयच नसते. काम मेमरीत मावेल असे तुकडे आधीच पाडावे लागतात.

तुकडे पाडण्याचा विचार इथे मात्र सर्वांत शेवटी झाला. तक्ता सममित असल्याने निम्माच साठवणे किंवा आकड्यांची अचूकता निम्मी करणे यांपैकी काहीही केले तरी 14.2 जीबी उरत होते, जे 16 जीबीच्या यंत्रावर जेमतेम मावते. खरा मार्ग पावसाच्या स्वभावातच होता. अक्कलकोटच्या चौकोनाचा माळशिरसच्या चौकोनाशी असलेला संबंध हिशेबात धरून फारसे काही हाती लागत नाही. प्रत्येक चौकोनाचा अंदाज जवळच्या ज्ञात आणि आधी काढलेल्या बिंदूंवरून क्रमाने काढला, तर थोडी अचूकता सोडून सबंध तक्ताच टाळता येतो. जवळचे 60 बिंदू धरले तर एका वेळी लागणारा तक्ता 60 बाय 60 चा, म्हणजे 28,800 बाइटचा होतो. मूळ मागणी 28.4 जीबी होती, आणि ही जागा तिच्या सुमारे दहा लाखांशाइतकी आहे.

64 जीबीची ती फाइल बंद करून पुसून टाकली, आणि यंत्रावर मूळचा 2 जीबीचा स्वॅप पूर्ववत राहिला. अर्ध्या किलोमीटरची गणना चालू असताना त्याचा वापर शून्य दिसत होता.