डोळ्यामागचं लाकूड

कलमासाठी गुलाबाचा डोळा काढला की त्याच्या पाठीला लाकडाची पातळ ढलपी चिकटून येते. ती घाईनं ओढली तर डोळ्याचा गाभाही तिच्याबरोबर निघतो, सालीच्या आतल्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं. असा डोळा खुंटाला जुळतो, हिरवा राहतो, पण फुटत नाही. मी ढलपी ओढत नाही, खालून धरून आडवी पिळतो. गाभा सुटण्याआधी अंगठ्याला किंचित अडखळ लागते, तिथे थांबायचं. यंदा माझा उजवा अंगठा बधिर झाला आणि ती अडखळ कळेनाशी झाली.

म्हणून श्रावणापासून डोळे पुतणी भरते, मी पट्टी बांधतो. तीन आठवड्यांनी डोळ्यांपाशी राखलेल्या पानांच्या देठांना बोट लावून पाहिलं. डोळा मेला की देठ वाळून चिकटून बसतो. तिच्या ओळीत एकेक देठ अलगद गळत गेला. मला बरं वाटलं आणि पोटात दुखलंही. मी ज्या बंगल्याची बाग राखायचो तिथे पाहुणे येत, गुलाबांपाशी थबकून ‘हात कोणाचा?’ विचारत, तेव्हा मालकांच्या तोंडून माझं नाव ऐकायला मी मुद्दाम शेजारच्या वाफ्यात खुरपत बसायचो. ते अजूनही हवंसं वाटतं.

मोगलाईत नाशिकचं नाव गुलशनाबाद, म्हणजे बागांचं शहर, होतं. आमच्या या गोदाकाठी, आनंदवल्लीला, राघोबादादांचा वाडा होता. वर गंगापूरला गोपिकाबाई राहिल्या. आज त्याच गंगापूर रोडला लग्नाची लॉन्स लागली आहेत. विकतच्या हिरवळीच्या लाद्या आणायच्या, काळ्या जमिनीवर लाल माती पसरून त्या अंथरायच्या, कुंड्या मांडायच्या. याला बाग म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. द्राक्षवाल्यांच्या टोळ्या डॉगरीज खुंटावर झपाट्यानं पाचर कलम भरतात. त्यांचा हात मी मानतो, पण गुलाबाला ती घाई सोसत नाही.

पुतणी म्हणते, “काका, नर्सरीत लाकूड ठेवूनच डोळा भरतात, तरी लागतो.” लागतो, खरं आहे. पण लाकूड काढलेला सांधा अंगाला अंग लागून भरतो, पुढे वाऱ्यात फांदी निखळत नाही, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या हंगामात एक ओळ तिच्या पद्धतीनं भरू, एक माझ्या. दोन्ही ओळींतले डोळे तीच काढेल. माझ्या ओळीच्या पाटीवर मात्र नाव माझंच राहील, हे मी तिला आत्ताच सांगून ठेवलं आहे.