अबोला आणि ‘च’

वडिलांविषयीं बोलण्याची आपल्या घरांतून एक ठरलेली रीति आहे. ते हयात असतांना त्यांचा धाक वर्णावा आणि पश्चात् त्या धाकाचे उपकार मानावे. याहून निराळें कांहीं मनांत असलें तर गिळावें. तें पैसे देऊन परक्यापाशीं बोलणें ही तर आमच्या वटारच्या घरीं घरफोडीच ठरली. “रडायचेंच होतें तर आमच्यापाशीं फुकट रडला असतास,” असें काकू म्हणाल्या. माजघरांत रडलेलें संध्याकाळपर्यंत आळीभर होतें, हें त्यांना कोणीं सांगावें!

अण्णांनीं मला कधीं मारलें नाहीं. ते अबोला धरीत. परीक्षेंत गुण कमी पडले, वाडींतल्या केळींना पाणी सोडावयास उशीर झाला, कीं पंधरा पंधरा दिवस माझ्याशीं शब्द नाहीं. पानावर बसल्यावरही निरोप आईच्या मार्फत. पन्नाशी उलटली तरी ओटीवर त्यांचें पाऊल वाजलें कीं माझ्या पोटांत गोळा येई. झोप पार गेली, तेव्हां मी ठाण्यास एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जाऊं लागलों. त्या गांवाला हा विषय नवा नाहीं, डॉ. आनंद नाडकर्णी यांची मानसिक आरोग्याची संस्था तेथें १९९० सालींच निघाली.

बाईंची पद्धति अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनीं १९५५ च्या सुमारास मांडलेली, विवेकनिष्ठ म्हणून ओळखली जाणारी. घटना दुःख देते खरी, पण तिच्याविषयीं आपण धरलेला हट्ट तें दुःख मुरवितो, असें तिचें सूत्र. मला वाटलें, आतां अण्णांना क्षमा करावयास सांगतील. त्यांनीं मनांतलें एक वाक्य कागदावर लिहावयास सांगितलें. मीं लिहिलें, “अण्णांनीं माझ्याशीं बोलायलाच हवें.” त्यांनीं ‘च’खालीं रेघ ओढली. म्हणाल्या, “बोलले असते तर बरें झालें असतें, हें खरें. लेंकराशीं असें वागणें वाईट, हेंही खरें. पण ते बोलले नाहींत म्हणून तुम्ही टाकाऊ, हें कोणीं ठरविलें?”

ठरविलें होतें तें ९ वर्षांच्या मुलानें. त्याला दुसरें कारण सुचण्यासारखें नव्हतें.

पुढचे कित्येक महिने त्या एका अक्षरावर गेले. अण्णा त्यामुळें थोर झाले नाहींत, कीं दुष्टही ठरले नाहींत. आजोबांचाही अबोला साऱ्या आळींत प्रसिद्ध होता. पण तें कारण झालें, माफी नव्हे.

अण्णा आतां ८६ वर्षांचे आहेत. नको म्हटलें तरी जुन्या विहिरीपर्यंत एकटे जातात. गेल्या महिन्यांत मीं अडविलें, तेव्हां चार दिवस अबोला झाला. मीं रोजच्या वेळीं त्यांच्यापुढें चहा ठेवला, ‘चहा ठेवला आहे’ म्हणून सांगितलें आणि वाडींत गेलों. चारही रात्रीं मला झोप लागली. पांचव्या दिवशीं त्यांनीं विचारलें, “पंप चालू केलास का?”

मीं म्हटलें, “केला.”